रात्री दीडची सहमती

मसुदा मंजुरीसाठी पुढे गेल्याचं तू आनंदानं कळवलंस, सोबत सगळे दुवे पाठवलेस. मी अभिनंदन लिहिण्याआधी ते उघडले. बैठकीची सूचना, कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्त, लास्ट कॉलचं पत्र आणि शेवटी सहअध्यक्ष म्हणून तू दिलेला निर्णय, हे सगळं ओळीनं वाचलं. आता मला जे वाटतं ते आडवळण न घेता सांगते. तू मसुदा मंजूर करून घेतलेला नाहीस, नुसता पुढे रेटला आहेस. वर्गात उत्तर माहीत नसताना शेवटची ओळ जुळवून आणणाऱ्या मुलांच्या वह्या मी परत करायचे, हे तू पाहिलेलं आहेस. ही वहीही मी परत करते आहे.

सूचनेपासून सुरू करू. बैठक ५ डिसेंबरची, सूचना ३० नोव्हेंबरची. आयईटीएफमध्ये, म्हणजे इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेत, कार्यगटाच्या ऑनलाइन अंतरिम बैठकीची सूचना किमान दोन आठवडे आधी द्यायची असते, प्रत्यक्ष भेटीच्या बैठकीची चार आठवडे आधी, आणि ऑनलाइन बैठकीची कार्यक्रमपत्रिका किमान एक आठवडा आधी. हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. हा नियम कागद सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी केलेला नाही. तिथे कुणी सभासद नसतो, कुणाला हजेरीचे पैसे मिळत नाहीत. कुणाला नोकरीतून वेळ मागून घ्यावा लागतो, कुणाला तास बदलून घ्यावे लागतात, आणि प्रत्येकाला साठ-सत्तर पानांचा मसुदा नीट वाचावा लागतो. पाच दिवसांत हे कुणाला जमतं? ज्यांनी तो लिहिला आहे त्यांना. म्हणजे ज्यांचं मत तुला आधीच माहीत होतं, तेवढेच लोक येऊ शकतील अशी बैठक तू ठरवलीस.

कार्यक्रमपत्रिकेत काय लिहिलंस? ‘उरलेल्या मुद्द्यांवर चर्चा’. कोणते मुद्दे, मसुद्याच्या कोणत्या आवृत्तीतले, कोणत्या कलमातले, याचा एक आकडा नाही. अशी पत्रिका वाचून बाहेरच्या माणसाला आपलं काम त्यात आहे की नाही, हे कसं ठरवता येणार?

मग वेळ. कॅलिफोर्नियातले दुपारचे बारा. तुझ्या जेवणाच्या सुट्टीत बसणारी वेळ. डिसेंबरात तेव्हा लंडनमध्ये रात्रीचे आठ वाजलेले असतात, पुण्यात रात्रीचा दीड, टोकियोत पहाटेचे पाच, सिडनीत सकाळचे सात. तू पुण्यातून तिकडे गेलीस त्याला फार काळ झालेला नाही. दीड वाजता डोळे उघडे ठेवून इंग्रजीत तांत्रिक वाद घालायचा म्हणजे काय, हे तुला कुणी समजावून सांगायला नको होतं. एखादी बैठक अशा वेळी झाली तर मी काही म्हणणार नाही, कारण पृथ्वी गोल आहे आणि सगळ्यांना सोयीची वेळ नसतेच. पण गेल्या वर्षभराच्या सगळ्या अंतरिम बैठका मी पाहिल्या. प्रत्येक बैठक याच वेळेला. गैरसोय आळीपाळीनं वाटून घ्यायची असते, एवढी साधी न्यायबुद्धी तुला राहिली नाही?

या प्रश्नावर तिथे आधीच भरपूर डोकं चालवलेलं आहे. मार्च २०२० मध्ये व्हँकुव्हरची सभा रद्द करून ऑनलाइन घ्यावी लागली आणि त्यानंतर मार्च २०२२ मध्ये व्हिएन्नात लोक पुन्हा भेटेपर्यंत सगळ्या मोठ्या सभा पडद्यावरच झाल्या. त्या काळात वेळेवरून वाद झाले, प्रयोग झाले, आणि त्यातून शिकलेलं आरएफसी ९४०० या क्रमांकित दस्तऐवजात २०२३ साली लिहूनही ठेवलं. प्रत्यक्ष सभा उत्तर अमेरिका, युरोप आणि आशिया अशा फिरत्या ठेवायच्या, तसाच ऑनलाइन सभांच्या वेळेचा भारही खंडाखंडांत फिरता ठेवायचा, हा त्यातला विचार. तो मोठ्या सभांसाठी लिहिलेला आहे, माझ्या छोट्या गटाला लागू नाही, असलं उत्तर मला देऊ नकोस. छोट्या गटात एक माणूस गळला तर मोठं भोक पडतं.

मार्चमधल्या बैठकीचंही सांगते, कारण ते वाचून माझा पाराच चढला. सूचनेत फक्त ‘१२ पॅसिफिक’ लिहिलंस. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपातली शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोन खंडांतलं अंतर एका तासानं बदललेलं असतं, आणि भारतात तर घड्याळाला कुणी हातच लावत नाही. परिणाम तुझ्याच इतिवृत्तात आहे: युरोपातले तिघं एक तास उशिरा आले आणि तोपर्यंत मुख्य मुद्दा संपला होता. तारीख आणि वेळ संदिग्धता न ठेवता कशी लिहायची यासाठी याच संस्थेनं २००२ मध्ये आरएफसी ३३३९ काढला. तुझ्या फोनमधलं कॅलेंडर ज्या स्वरूपात निमंत्रणं वाचतं, ते आयकॅलेंडरही इथलंच, १९९८ पासूनचं. जगभरच्या वेळांची नोंदवही, जिच्यात आपली वेळ ‘एशिया/कोलकाता’ या नावानं आहे, ती सांभाळण्याची रीतही इथल्याच दस्तऐवजात ठरलेली आहे. आणि या घरात बसून तू यूटीसीमधली वेळ लिहायला विसरतेस! शेजारी कंसात यूटीसी लिहायला किती श्रम पडतात?

आता त्या ५ डिसेंबरच्या बैठकीत काय झालं ते पाहू. चौदा जण हजर. ‘हात वर करा’चं बटण दाबायला सांगितलंस, अकरा हात वर आले, विरोधात कुणी नाही, आणि इतिवृत्तात तू ‘सर्वानुमते संमत’ असं लिहिलंस. हा शब्द तुझ्या बोटांतून आलाच कसा? १९९२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी त्या संस्थेपुढे जे मांडलं ते तुला पाठ आहे. राजे नकोत, अध्यक्षांची हुकमत नको, मतदान नको. ढोबळ सहमती आणि चालणारा प्रोग्राम हवा. खोलीत लोक हात मोजू देत नाहीत, गुणगुणतात, आणि अध्यक्षानं आवाजाचा अंदाज घ्यायचा असतो. तो अंदाज म्हणजे निकाल नसतो, पुढची चर्चा कुठून सुरू करायची याचा इशारा असतो. ऑनलाइन गुणगुणता येत नाही म्हणून बटण आलं. बटणानं आकडा दिला म्हणून तू त्याचं मतदान करून टाकलंस.

त्यात चौदा माणसांच्या खोलीला कार्यगट म्हणता येत नाही. गटाच्या टपालयादीवर जे आहेत ते सगळे मिळून गट. १९९८ चा आरएफसी २४१८ तू पुन्हा काढ आणि वाच. यादीवर न चर्चिलेला किंवा यादीवरच्या सहमतीपेक्षा वेगळा निर्णय बैठकीत झाला, तर तो यादीवर पुन्हा तपासून घ्यावाच लागतो. तिथेच हेही म्हटलं आहे की एक्कावन्न टक्के म्हणजे ढोबळ सहमती होत नाही. तू यादीवर पाठवलंस ते एक ओळीचं पत्र: ‘बैठकीत ठरल्याप्रमाणे पुढची आवृत्ती येत आहे’. प्रश्न विचारला नाहीस, बातमी दिलीस.

आणि मग लास्ट कॉल. २० डिसेंबर ते ३ जानेवारी. प्रथेप्रमाणे दोन आठवडे भरतात, हे मीही मोजलं. पण या दोन आठवड्यांत अर्धं जग सुट्टीवर असतं हे तुला ठाऊक नव्हतं का? लास्ट कॉल म्हणजे वाचायला दिलेला शेवटचा निवांत वेळ. नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या काळात तो ठेवायचा असेल तर चार आठवडे ठेवायचा. कुणी तुला अडवलं नसतं. तुझ्या कंपनीचं उत्पादन मार्चमध्ये बाजारात यायचं आहे, एवढंच कारण त्यामागे मला दिसतं. त्या गटात माणूस स्वतःच्या नावानं बसतो, कंपनीच्या वतीनं बसत नाही, आणि अध्यक्षाला तर हे दुप्पट लागू आहे. कंपनीच्या तारखेला गटाचं वेळापत्रक जुंपण्याचा अधिकार तुला कुणी दिलेला नाही.

४ जानेवारीला तू लिहिलंस, ‘कोणताही आक्षेप आला नाही, सबब सहमती आहे असे मानण्यात येते.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं नाही. आक्षेप आला होता. २३ डिसेंबरला, नागपूरच्या एका मुलाचा. त्यानं मसुद्यावरून प्रोग्राम लिहिला, दुसऱ्या एकाच्या प्रोग्रामशी जोडून पाहिला, आणि दोन्ही एकमेकांशी बोलेनात. कारणही त्यानंच शोधून दिलं. संदेशात अनोळखी क्षेत्र (फील्ड) आलं तर ते दुर्लक्षित ‘करावं’, असं मसुदा म्हणतो. ‘केलंच पाहिजे’ असं म्हणत नाही. एकानं ते सोडून दिलं, दुसऱ्यानं जोडणीच तोडली, आणि दोघंही मसुद्याप्रमाणे बरोबर. इंग्रजीतल्या ‘मस्ट’ आणि ‘शुड’ या दोन शब्दांना १९९७ च्या आरएफसी २११९ नं ठरावीक अर्थ बांधून दिला, तो याच प्रसंगासाठी. ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तर वेगळं वागायची मुभा. पुढे त्या क्षेत्रात नवी सोय आणायची असेल तर ही मुभा मारक आहे, कारण जुने प्रोग्राम जोडणीच तोडतील. मुलाचं इंग्रजी तुटक होतं, पत्र लांबलं होतं, मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात होता. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. तूही नाहीस, लेखकांनीही नाही. चालणारा प्रोग्राम घेऊन आलेला एकटा माणूस तो, आणि तू त्याला आक्षेप न मानता गोंगाट मानलंस.

इथे जरा थांबते, कारण तुझ्या चुकीचं मूळ इथेच आहे. सहमती म्हणजे काय हे पीट रेझनिक यांनी २०१४ मध्ये आरएफसी ७२८२ मध्ये इतकं स्वच्छ मांडलं आहे की दुसऱ्या वाचनाचीही गरज पडू नये. किती जण बाजूनं आहेत हा प्रश्नच नाही. जो आक्षेप आला त्याचा तांत्रिक विचार झाला का, त्याला उत्तर मिळालं का, हा प्रश्न. शंभर जण बाजूनं आणि पाच विरोधात असूनही सहमती नसू शकते, आणि पाच बाजूनं, शंभर विरोधात असूनही ती असू शकते. आक्षेप मान्य करावाच लागतो असं नाही. ऐकावा मात्र लागतो, आणि फेटाळायचा तर कारण देऊन फेटाळावा लागतो.

इंटरनेटवरची जोडणी कूटबद्ध करणाऱ्या टीएलएस १.३ चं उदाहरण मी तुमच्या वर्गाला शिकवलं होतं. बँकांकडून, मोठ्या डेटा सेंटरवाल्यांकडून मसुदा पुष्कळ पुढे गेलेला असताना विनंती आली की जुनी आरएसए की-देवाणघेवाण काढू नका. ती गेली तर आमच्याच जाळ्यातली रहदारी उलगडून तपासता येणार नाही. खूप उशिरा आलेली, गटातल्या अनेकांना मुळातच न पटणारी मागणी. तरी गटानं तिला ‘वेळ संपली’ म्हणून झटकलं नाही. २०१७ मध्ये प्रागच्या सभेत तिच्यामागच्या गरजेवर उघड वाद झाला, पुढच्या वर्षी लंडनला पुन्हा झाला, आणि गटानं नाही म्हटलं. ज्यांचं म्हणणं गेलं त्यांना का गेलं हे माहीत होतं.

त्याच वेळी दुसरी अडचण आली ती प्रोग्रामातून. जाळ्यात मध्ये बसलेली कितीतरी जुनी उपकरणं नवा हस्तांदोलनाचा क्रम पाहून जोडणी मोडत होती. कागदावर मसुदा निर्दोष होता, चूक त्या उपकरणांची होती. गट असं म्हणून पुढे जाऊ शकला असता. त्यांनी मसुदा थांबवला, ब्राउझरांमधून खऱ्या रहदारीवर मोजमापं घेतली, आणि नवी आवृत्ती बाहेरून जुन्या १.२ सारखी दिसेल अशी हस्तांदोलनाची मांडणी बदलली. अठ्ठावीस मसुदे झाले. चार वर्षांहून जास्त काळ गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ निघाला आणि तो चालला. तुझ्या नागपूरकरानं तुला याच जातीची गोष्ट फुकट आणून दिली होती.

उलट माहीत असलेला धोका सोडून दिला की काय होतं तेही आठव. १९९८ च्या आयपीव्ही६ च्या मानकात, आरएफसी २४६० मध्ये, पाकिटानं कुठून कुठून जायचं याची यादी पाठवणाऱ्यानंच द्यावी अशी एक सोय होती: शून्य प्रकारचं राउटिंग हेडर. आयपीव्ही४ मधल्या अशाच सोयीचा धोका लोकांना तेव्हा माहीत होता. तरी ती राहिली. त्या यादीत दोनच पत्ते आलटूनपालटून भरले की एक पाकीट त्या दोन राउटरांमध्ये पुन्हापुन्हा फिरत राहतं आणि हल्लेखोराचा छोटा ओघ मोठा होतो. ती सोय काढायला आरएफसी ५०९५ यावा लागला, डिसेंबर २००७ मध्ये. मधली नऊ वर्षं ती जगभरच्या यंत्रांमध्ये होती. छापलेला आरएफसी बदलता येत नाही. फार तर शुद्धिपत्र लागतं, नाहीतर नवा क्रमांक घेऊन पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं.

आपल्या भाषेचंच घे. २००३ च्या नियमांत डोमेन नावातला शून्य रुंदीचा जोडक नावावर प्रक्रिया करतानाच गळून जायचा. ज्या संगणकांवर आपला अर्धा र त्या जोडकानंच लिहिलेला असतो, तिथे स्वयंपाक करणाऱ्याचं ‘आचार्‍यास’ आणि गुरूचं ‘आचार्यास’ ही दोन नावं एकच व्हायची. २०१० च्या नव्या संचानं, आरएफसी ५८९२ नं, हलन्ताच्या मागोमाग तो जोडक चालेल असा नियम घातला. मधे सात वर्षं गेली. असल्या गोष्टी ती लिपी रोज लिहिणाऱ्यानं मसुदा वाचून तोंड उघडलं तरच दिसतात. आणि तू बैठका ठेवतेस रात्री दीडला.

‘पुढे एरिया डायरेक्टर बघतील, आयईएसजी बघेल’ असं तू पत्राच्या शेवटी लिहिलं आहेस. बघतील. आयईएसजी म्हणजे याच डायरेक्टरांचं मंडळ; दर दोन आठवड्यांनी गुरुवारी त्यांची दूरध्वनी बैठक असते आणि प्रत्येक वेळी शेकडो पानं वाचायची असतात. त्यांच्यातल्या एकानं ‘डिस्कस’, म्हणजे अडवणारा आक्षेप, नोंदवला तर मसुदा अडेल आणि तुझी अब्रू जाईल. कुणीच नोंदवला नाही तर त्याहून वाईट. तुझ्या गटानं जे वाचलं नाही ते त्यांनी वाचावं ही अपेक्षा लबाडीची आहे. सोबत जोडायच्या टिपणात सरळ प्रश्न असतो: ही सहमती व्यापक आहे, की मोजक्या जोरकस लोकांची आहे आणि बाकीचे गप्प आहेत? तू उत्तर लिहिलंस, ‘व्यापक’. या एका शब्दाखाली तुझं नाव आहे. उद्या तो नागपूरचा मुलगा अपील करायला उभा राहिला, आधी तुमच्याकडे, मग एरिया डायरेक्टरकडे, मग आयईएसजीकडे आणि तिथून आयएबी या मंडळाकडे, तर प्रत्येक पायरीवर हाच शब्द तुझ्यापुढे ठेवला जाईल. त्याला तसं करायला दोन महिने आहेत. त्यानं ते करावं असंच मी त्याला सांगितलं असतं.

लेखक थकले आहेत, हेही तू लिहिलं आहेस. थकले असतील तर नवा संपादक नेम. तो अधिकार अध्यक्षाचाच आहे.

आता काय करायचं ते ऐक. एरिया डायरेक्टरला आजच लिही की मसुदा गटाकडे परत हवा आहे, आणि कारण स्वतःच्या शब्दांत दे. यादीवर लिही की ४ जानेवारीचा निर्णय मागे घेत आहेस, कारण आलेल्या आक्षेपाचा विचार झालेला नव्हता. इतिवृत्तातलं ‘सर्वानुमते’ काढ आणि किती जण हजर होते, कोणता प्रश्न विचारला होता, ते लिही. पुढची बैठक तीन आठवड्यांनी ठेव, यूटीसीमध्ये पहाटे साडेचारला: पुण्यात सकाळचे दहा, टोकियोत दुपारचा दीड, आणि कॅलिफोर्नियात आदल्या रात्रीचे साडेआठ. यावेळी तू जाग. त्यानंतरची बैठक युरोपच्या सोयीनं ठेव, वर्षभराचं वेळापत्रक एकदम जाहीर कर. कार्यक्रमपत्रिकेत पहिला मुद्दा तो अनोळखी क्षेत्राचा, कलमाच्या क्रमांकासह, आणि तो मांडायला पंधरा मिनिटं त्या मुलाला दे. लास्ट कॉल नव्यानं काढ, चार आठवड्यांचा.

आणि त्याच्या २३ डिसेंबरच्या पत्राला तू स्वतः उत्तर लिही. लेखकांकडे ढकलू नकोस, दुसऱ्या सहअध्यक्षाच्या सहीनं पाठवू नकोस. यादीवर, सगळ्यांना दिसेल असं. त्याचा प्रोग्राम आधी उतरवून घे, दोन्ही बाजू जोडून पाहा, जोडणी कुठे तुटते ते तुझ्या डोळ्यांनी बघ, आणि मग लिही. पाठवलंस की मला दुवा दे. मी तोही वाचणार आहे.